सूर्य ऐकू आला तो शुक्रवार

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं सूर्याच्या रेडिओलहरी पकडायचं केंद्र जवळच्या अंजूर गावात, माझ्या सत्तारमामाच्या शेतात थाटलं होतं. तिथे खरं काम त्या एकाच दिवशी चाले. एरवी लूमच्या मोटारींची विजेची खरखर सूर्याला बोलूच देत नसे. जागा मीच सुचवलेली, त्यामुळे टोमणेही माझ्याच वाट्याला.

एक्क्याण्णवमधल्या त्या शुक्रवारी मी आलेखाच्या कागदाचं भेंडोळं घेऊन रिक्षातून उतरले. दुपारी तपासणी समिती यायची होती. स्वच्छ नोंद दाखवली नाही, तर केंद्राला टाळं आणि माझ्या पीएचडीवर पाणी.

माझे मार्गदर्शक यादव सर यंत्रासमोर कपाळाला हात लावून बसले होते. आलेखाचं पेन थडथडत होतं. स्पीकरमधून येत होतं... खट्... खटक्... खट्...

"आबिदा, कोणीतरी लूम चालवतंय."

"सर, आज सगळीकडची लाइट बंद आहे." आमचं यंत्रसुद्धा बॅटरीवर होतं.

आसपास लूमची एकच शेड होती, मामाची. तिथला कारागीर मोहिउद्दीनचाचा लूमवर काम करता करताच गेला, तेव्हापासून ती बंद. मी गेले. दाराला गंजलेलं कुलूप. फटीतून मिट्ट काळोख, जुन्या तेलाचा वास... आणि तोच खटका. पण खरं सांगते, भुतापेक्षा मला समितीची भीती जास्त होती!

फटीशी तोंड नेऊन मी म्हणाले, "चाचा... मी आबिदा, सत्तारची भाची. जरा थांबता का? माझं काम हाय..."

आवाज थांबला.

मी धावत परतले. पेन शांतपणे सरळ रेघ ओढत होतं. समितीची जीप आली, माणसं नाकं मुरडत आत शिरली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पेन उसळून कागदाच्या कडेला जाऊन आपटलं. सूर्यावर स्फोट झाला होता! स्पीकर नुसता घोंगावत होता. यादव सर चक्क नाचले. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, केंद्र चालू राहील. मला रडू फुटलं. आमच्या अंजूरनं सूर्य पकडला होता!

समिती गेल्यावर मी मामाच्या तोंडात पेढा कोंबला आणि शेड उघडायला लावली.

"बघ, लूमची मोटार कवाच इकली," मामा हसला. "कोन चालवनार?"

मी लूमवरचा धोटा, आडवा धागा नेणारी ती लाकडी नाव, उचलला. त्यातली धाग्याची कांडी बदलली की कारागीर धोट्याच्या भोकाला ओठ लावतो आणि श्वासानं धागा ओढून बाहेर घेतो.

आत नवी, भरलेली कांडी होती. धाग्याचं टोक ओलं होतं...