केरूनं धरलेला श्वास

ही गोष्ट खरी आहे. खोटी निघाली असती, तर सर्वांत जास्त आनंद श्यामलाच झाला असता.

साल १९८६. रत्नागिरीतलं एक छोटं हॉस्पिटल. अशा गोष्टी रात्री घडायला हव्यात, पण एक्स-रेची खोली पाचला बंद व्हायची. त्यामुळे जे घडलं ते दुपारीच. अंधार मात्र भरपूर होता. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून एक्स-रे काढणाऱ्या श्यामनं खिडक्यांना काळे कागद लावले होते.

टेबलावर राजापूरकडचा केरू. फुफ्फुसात काजूच्या बीएवढी गाठ. डॉक्टर मालिनीबाई पडद्याकडे बघत गाठीत सुई घालणार, कणभर तुकडा काढणार, तो तपासायला मुंबईला जाणार. गाठ हलू नये म्हणून केरूनं श्वास धरायचा.

ते सांगायचं काम श्यामचं.

"मी 'धरा' म्हटलं की धरायचा, 'सोडा' म्हटलं की सोडायचा. मधे स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"डोका घरीच ठेवून आलंव," केरू म्हणाला.

"धरा!"

सुई गेली... आली.

"मिळाला!" बाई ओरडल्या. एवढ्याशा गाठीतून, पहिल्याच खेपेला! दोघं तुकडा बघायला बाहेर उजेडात धावले.

'सोडा' म्हणायचं राहून गेलं.

"अवो, ह्ये निळं पडलं!" केरूची बायको गोदा दारातून किंचाळली. तिनंच त्याला गदागदा हलवलं, तेव्हा श्वास सुटला.

"तुमी सोडा बोललाच नाय," केरू श्यामला म्हणाला.

श्याम हसला. खूप हसला.

रात्री केरूच्या फुफ्फुसातून हवा गळली. सकाळी तो गेला.

"सुईनं होतं कधी कधी. तुझा काय संबंध?" बाई म्हणाल्या. श्यामनं मान हलवली. पटलं नाही.

पुढे मुंबईहून निकाल आला. गाठ साधी. कॅन्सर नाही.

म्हणजे केरूला काहीच झालेलं नव्हतं. फक्त केरू नव्हता.

त्यानंतर 'सोडा' हा शब्द श्यामच्या तोंडून निघेना. तो नुसता पेशंटच्या खांद्याला हात लावायचा.

मग एकदा बुरोंडीचा आत्माराम टेबलावर होता.

"धरा," श्याम म्हणाला.

श्वास घेतल्याचे आवाज आले... दोन.

त्यानं आत्मारामच्या खांद्याला हात लावला.

सुटला... एकच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी एका दुपारी खोली रिकामी बघून श्याम टेबलापाशी गेला.

"केरूदादा... चुकलो मी. सोडा."

काहीच नाही...

मग एक लांबच लांब सुस्कारा. बंद खिडकीवरचा काळा कागद फडफडला.

श्यामच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटला बिचारा! तो दिवा मालवायला वळला.

आणि मागून, अगदी आज्ञाधारक आवाजात...

"आता परत धरू?"

श्याम काही न बोलता पळत सुटला. तो थेट अलोऱ्याला, बहिणीकडे. पुन्हा त्या खोलीत गेला नाही.

हल्ली जेवताना तो प्रश्न आठवला की त्याचा घास मधेच थांबतो. याही वेळी त्यानं केरूला काहीच सांगितलेलं नाही.

आणि केरू सांगितल्याशिवाय काही करत नाही.