मनोहररावांचे डोळे

सकाळी भैरवी भिंतीपाशी आली, तर तिच्या शिडीच्या जागी एक मोटारसायकल उभी होती आणि मोटारसायकलवर एक माणूस झोपला होता. हँडलवर हात, हातांवर डोकं. महाल भागातल्या त्या गल्लीत दूधवाले ओरडत होते, शाळेच्या रिक्षा हॉर्न देत होत्या, पण हा ढिम्म.

"गाडी काढता का? मले भिंत रंगवायची आहे," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. लाल, जडावलेले... तरी हसरे.

"रंगवा न. सोबत मलेही रंगवलं तरी चालते."

तिला हसू आलं नाही. हसायलाही थोडं बळ लागतं, आणि तिचं सगळं बळ हिवाळाभर उड्डाणपुलाचे खांब रंगवण्यात सरलं होतं. उजवा खांदा ठणकत होता. एवढी एक भिंत उरकायची आणि रायपूरचं काम धरायचं, बस.

भिंतीवर मनोहरराव यायचे होते. या मोहल्ल्यातून पहिलं साप्ताहिक काढणारे, गल्लीत नळ येईपर्यंत प्रत्येक अंकात नळाबद्दलच लिहिणारे मनोहरराव. आणि झोपलेला तो केयूर, त्यांच्या धाकट्या भावाचा नातू. एका दैनिकात रात्रपाळी करून तो पहाटे घरी यायचा. एवीतेवी इथूनच जातो, म्हणून मोहल्ल्याच्या मंडळाने सूचना पोचवायचं काम त्याच्याच गळ्यात मारलं.

सूचना काही संपेनात. टोपी काळी हवी. मग सदऱ्याची कॉलर मोठी झाली. मग सदरा पांढरा नको, रेघांचा हवा. केयूर तर्री-पोह्यांची पुडी घेऊन यायचा, परांचीच्या खालच्या बांबूवर टेकायचा आणि पडेल चेहऱ्याने नवी सूचना सांगायचा.

"तुमच्या आजोबांचा सदरा म्हणजे गिरगिट झाला," ती कुरकुरायची, आणि पुन्हा ब्रश उचलायची. पोहे खाता खाता तो रात्रीच्या बातम्या सांगायचा, कुठली छापली, कुठली दाबली. हळूहळू मोटारसायकलच्या आवाजाकडे तिचे कान लागू लागले. हे लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला... थकलेल्या माणसाने कशाला हे नसते उद्योग करावे?

फक्त डोळे राहिले होते. भैरवी चितारओळीतल्या मूर्तिकारांची. त्यांच्या घरात मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते ज्याचं काम त्यानेच काढायचे. डोळे झाले की काम संपलं. मग देव जरी सांगायला आला, तरी ब्रश लावायचा नाही.

एका दुपारी मंडळाच्या अध्यक्ष शोभाताई भिंत पाहायला आल्या आणि बुचकळ्यात पडल्या.

"काय वं पोरी, सदरा कितीदा बदलशीन? आम्ही तर फक्त टोपीचं सांगितलं होतं."

भैरवीने ब्रश धुऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी केयूर आला, तर तिने पुडीला हात लावला नाही.

"सदऱ्याचं कोणी सांगितलं होतं?"

"मीच," तो म्हणाला.

"काहून?"

"सदरा झाला की तू डोळे काढशीन... आणि रायपूरले जाशीन."

"माझा हात वर होत नाही, केयूर. रात्री कुशीवर झोपता येत नाही. रोज इथंच तर बसत होता. दिसलं नाही तुले?"

त्याला नव्हतं दिसलं. प्रेमात पडलेल्याला म्हणे सगळं दिसतं. कसलं काय! त्याला आपल्या नाकापलीकडचं दिसलं तरी खूप झालं.

"मले तू आवडते," तो खाली मान घालून म्हणाला. "लय आवडते. तेवढं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून..."

"तेवढं म्हटलं असतं, तर सदरा एकदाच रंगवला असता न."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंही होतं, आणि नुसत्या रागाचं नव्हतं. डोळे दुसऱ्या कोणाकडून काढून घेऊ, असं तो म्हणाला, तर तिने नाही म्हणून मान हलवली आणि परांचीवर चढली. हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग केयूर वर आला, शेजारी उभा राहिला आणि तिच्या कोपराखाली तळवा धरून त्याने हात हळूच उचलला.

"इतका?"

"थोडा अजून... हं. आता हलू नको. माझ्याकडं पाह."

ज्यावरून ती चित्र काढत होती, त्या जुन्या फोटोत मनोहररावांचे डोळे घडीवर झिजून गेले होते. तिने केयूरचेच पाहून काढले. रात्रभर जागलेले, ओशाळलेले. त्याच्या हाताला रग लागली, पण त्याने तो खाली येऊ दिला नाही.

"झालं," तिने ब्रश ठेवला.

"आता जाशीन?"

"जाईन. शब्द दिला आहे. पण परत येईन... तुझ्यासाठी. फोन रोज करजो, अन् खोटं एकही बोलू नको."

दोघं परांचीवरच बसले. तिने डावा खांदा त्याला टेकवला, डोकं टेकवलं, आणि तिथेच, भर उजेडात, तिला गाढ झोप लागली.

शोभाताई नारळ घेऊन आल्या. मागून मोहल्ला आला. सगळे वर पाहत राहिले, आणि मनोहररावांचे एक म्हातारे शेजारी टोपीबद्दल काही बोलणार, तोच शोभाताईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"नारळ मागून फोडू," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीले झोपू द्या."