दोन ताऱ्यांना एकच छत्री

"छत्री कोणत्या ताऱ्याकडे धरू? आणि कारण काय?" खडूनं विचारलं.

खडू म्हणजे आमच्या 'सांडणी' यानावरचा यंत्रमानव. यानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. माझी आत्या, यानाची खगोलशास्त्रज्ञ, बाहेर यानाच्या पाठीवर तुटलेली तार जोडत होती. तेवढ्यात वाळूच्या कणाएवढा दगड तिच्या बाहीला चाटून गेला. पोशाखाचा वरचा थर फाटला आणि रेडिओ बंद पडला. आतल्या थरामुळे हवा टिकून होती, पण अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, कातडी भाजणारे किरण) फक्त वरचा थर अडवतो. सरपटत दारापर्यंत यायला तिला अकरा मिनिटं लागणार होती.

यानाची छत्री, म्हणजे धातूचा मोठा पडदा, एका वेळी एकाच ताऱ्याला झाकू शकते. इथे तर जोडतारा होता. कुठल्याच नोंदीत नसलेला.

"डावीकडच्या!" मी ओरडले. "तो लाल आहे, म्हणजे जास्त तापलेला. शिवाय झगझगीत आहे."

"झगझगीत आहे हे मलाही दिसतं. रंग मात्र मला कालपासून दिसत नाहीत, माझा डोळा बिघडलाय. लाल म्हणजे तापलेला, हे कशावरून?"

"नळावरून! लाल खूण गरम पाण्याची, निळी गार पाण्याची."

"नळाचं कारण चालणार नाही, ऋजुता. दहा मिनिटं उरली."

मला त्याचा असा संताप आला! कारण पटल्याशिवाय हुकूम मानायचा नाही, हा नियम आत्यानंच त्याच्यात घातला होता. आता स्वतःच्याच नियमापायी ती भाजणार होती. खिडकीतून ती दिसत होती, फाटकी बाही छातीशी घट्ट धरून पुढे सरकणारी. मी घाबरून गेले होते.

मग मला सकाळची लोखंडी सळई आठवली. आत्या ती भट्टीत तापवत होती. आधी ती लाल झाली, मग नारिंगी, मग पिवळी आणि शेवटी पांढरी. लाल ही तर नुसती सुरुवात! नळाचे रंग माणसांनी ठरवलेले.

"खडू, चुकलं माझं! लाल तारा थंड आहे. उजवीकडचा बारका, निळसर पांढरा, तोच जास्त तापलेला."

"हे पटलं. लाल ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण तीन हजार अंशांचा, निळसर पांढऱ्याचा वीस-तीस हजारांचा. पण दोघं आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. मग थंड तारा जास्त तेजस्वी कसा?"

मी डोळे मिटले. गावी हुरडा भाजतात ती आगटी डोळ्यांपुढे आली.

"कारण तो अवाढव्य आहे! वेल्डिंगच्या ठिणगीपुढे एक निखारा काहीच नाही. पण अंगणभर निखारे पसरले, तर उजेड त्यांचाच जास्त. तेज दोन गोष्टींवर ठरतं, तारा किती तापलाय आणि केवढा आहे. आणि आत्या मला निखाऱ्यांकडे खुशाल बघू देते, वेल्डिंगकडे मात्र काळ्या काचेशिवाय नाही. अतिनील किरण तिथून निघतात. छत्री उजवीकडे धर!"

"कारण मान्य."

पडदा करकरत फिरला. त्याची सावली सरकत सरकत गेली आणि आत्या तिच्यात पूर्ण झाकली गेली. तिनं मान वर करून उजवीकडे पाहिलं आणि खिडकीकडे हात हलवला.

आत आल्यावर तिच्या दंडावर तेवढा एक लालसर चट्टा होता. त्याला मलम लावून तिनं मला जेवणघरातल्या तक्त्यापुढे उभं केलं. उभ्या रेषेवर तेज, आडव्या रेषेवर तापमान. डावीकडे तापलेले तारे, उजवीकडे थंड. एकेक तारा म्हणजे तिची एकेक टिकली. आपला सूर्य मधल्या तिरक्या पट्ट्यात, बहुतेक ताऱ्यांसोबत. नवा लाल तारा मी वर उजवीकडे लावला, कारण तो राक्षसी तारा (फुगून अवाढव्य झालेला) होता. पांढरा लावला खाली डावीकडे, कारण तो श्वेतबटू (विझत चाललेल्या ताऱ्याचा तापलेला, छोटा गाभा) होता.

"पुष्कळ तारे राहिलेत अजून," आत्या म्हणाली आणि टिकल्यांचं पाकीट तिनं माझ्या हातात ठेवलं. "हे आता तुझं."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

"का रडतेस? कारण?" खडूनं विचारलं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.



"मान्य," खडू म्हणाला.