चुकांचा खिळा

सिग्नल लाल होता, वरून पावसाची भुरभुर चालू होती आणि पुढची पिवळी गाडी… पुढची पिवळी गाडी चक्क बेडकासारख्या उड्या मारत येऊन थांबली होती!

मागच्या गाडीत बसलेल्या तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पन्नास वर्षांपूर्वीची छोटीशी गाडी ती. दोन दरवाजे, गोल दिवे, नाकीडोळी नीटस. पण पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली. रस्त्यावर जरासा उंचवटा आला की पुढचं चाक मडगार्डला घासत होतं आणि जळक्या टायरचा वास थेट मागे येत होता. तिला राहवेना. ती गाडीतून उतरली, तशीच पावसात पुढे गेली आणि काचेवर टकटक केलं.

काच खाली झाली. आत एक चष्मेवाला तरुण होता. इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, चेहऱ्यावर निरागस हसू.

"स्प्रिंगा कोणी कापल्या?" तिने विचारलं.

"अं… मी."

"तुम्ही? कशाने?"

"ग्राइंडरने. व्हिडिओ बघून. छान दिसतेय ना?"

माणूस गुन्हा कबूल करताना निदान मान तरी खाली घालतो. हा पठ्ठ्या कौतुकाची वाट बघत होता! तेवढ्यात मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

"माझ्या मागे या," ती कशीबशी म्हणाली. "आणि दुसऱ्या गिअरच्या वर गेलात तर याद राखा!"

"पण… तुम्ही कोण?"

"मेस्त्री."

त्याने निमूट पहिला गिअर टाकला.

गॅरेज तिच्या बाबांचं. गेली चाळीस वर्षं तिथे फक्त जुन्या छोट्या गाड्या यायच्या, बाकी सगळ्यांनी 'भंगारात द्या' म्हणून हात टेकलेल्या. इंजिनांच्या आवाजात बाबांचे कान गेले, तेव्हा त्यांनी पाने तिच्या हाती दिले आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर बसून देखरेख करू लागले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे घसा फाडूनच बोलावं लागे.

त्या दाराच्या चौकटीवर एक जाडजूड खिळा ठोकलेला होता. बाबांचा नियम साधा होता. ज्याच्या हातून काम बिघडलं, त्याने तो बिघडलेला भाग सगळ्यांसमोर खिळ्याला टांगायचा आणि त्या वेळी आपलं लक्ष कुठे होतं ते मोठ्याने सांगायचं. ना शिक्षा, ना बोलणी. बस, खरं सांगायचं. खिळ्यावर बाबांचा एक वाकडा वॉल्व्ह होता. "लग्नाला आठ दिवस होते, लक्ष हिच्या आईकडे होतं," असं ते अजूनही हसत सांगत. गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांच्या तर तीन-चार वस्तू लटकत होत्या. तिचं मात्र तिथे काहीच नव्हतं. आठ वर्षांत एकही चूक नाही! या गोष्टीचा तिला इतका तोरा होता की नव्या गिऱ्हाइकाला ती आधी खिळा दाखवायची आणि मग खुर्ची द्यायची.

पहिल्याच दिवशी बाबांनी त्या पाहुण्याला कापलेल्या स्प्रिंगचा तुकडा टांगायला लावला.

"लक्ष कुठे होतं?" बाबांनी विचारलं.

"गाडी ऐटबाज दिसेल याच्यात," तो प्रामाणिकपणे ओरडला. बाबा खूश झाले.

तो दातांचा डॉक्टर निघाला. दुपारी दोन ते चार त्याचा दवाखाना बंद असे, आणि ते दोन तास हळूहळू गॅरेजचे झाले. तिने नव्या स्प्रिंगा बसवल्या, गळके शॉकअप बदलले, इंजिन उतरवून सिलिंडर घासून घेतले. त्याला एकाऐवजी दोन कार्बोरेटर हवे होते.

"जरा पळेल अशी करून द्या ना, मेस्त्रीणबाई."

"आधी धड चालू दे. रांगणाऱ्याला कोणी शर्यतीत उतरवतं का?"

तो स्पार्क प्लग एकेक उजेडात धरून बघायचा. "तीन नंबरचा किडलाय. गोड फार खातो वाटतं."

"तुम्ही दातच बघा."

"बघतोय की. तुम्ही हसलात की दिसतात."

ती पटकन ओठ मिटायची. पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, त्या काही मिटता येत नसत.

एकदा ती गाडीखाली आडवी होती. पुढची चाकं जॅकवर अधांतरी. चाकाला धरणारा लोखंडी आर्म गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे जाड रबराचा बुश असतो, तो ती बदलत होती. डॉक्टर शेजारी उकिडवा बसला होता. कार्बोरेटरच्या मागचं दिसावं म्हणून त्याने दवाखान्यातला लांब दांडीचा चिमुकला आरसा आणला होता.

"हा बोल्ट किती आवळायचा?" त्याने विचारलं.

"आधी हलकाच लावायचा. मग गाडी चाकांवर उतरवायची, आणि मग…"

बोलता बोलता तिने वर पाहिलं. त्या रुपयाएवढ्या आरशात त्याचा एक डोळा होता. चष्म्यामागचा, हसरा, तिच्याकडेच बघणारा.

"…आणि मग?"

"मग… काही नाही," ती म्हणाली आणि हातातला पाना पूर्ण फिरवला.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. वळताना पुढून कुंई-कुंई आवाज. बुश फाटला होता. रबर खराब निघालं असेल, म्हणून तिने दुसरा घातला. डॉक्टर तेव्हाही जवळच होता, एका आजीबाईंनी त्याचं बोट कसं चावलं ते साभिनय सांगत होता. जाताना म्हणाला, "ही अशीच दर महिन्याला बिघडत राहिली तर काय बहार येईल, नाही?"

आणि खरोखरच महिन्याने गाडी पुन्हा आली. कुंई… कुंई… कुंई…

"काय गं, पुन्हा तोच आजार?" पेंटरकाका खिळ्याकडे बघून हसले. "तो बिचारा कधीचा वाट बघतोय तुझी!"

ते हसणं तिला मिरचीसारखं झोंबलं. तिने बुश काढला. तोही फाटलेला! तिच्या हातून बसवलेली वस्तू दोनदा फाटते? शक्यच नाही. मग त्याचं ते जातानाचं वाक्य आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली. त्याच रागाच्या भरात तिने तिसरा बुश ठोकला, पाना ओढला आणि ती ताडकन उठली.

"हे तुम्हीच करता!"

"मी… काय करतो?" डॉक्टर गोंधळला.

"बुश फाडता! इथे यायला निमित्त मिळावं म्हणून. तुम्हीच म्हणाला होतात. आणि ग्राइंडर तर घरी आहेच तुमच्या!"

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. कोणी मुस्काटात मारावी तसा तो उभा राहिला.

"मला इथे यायला निमित्त लागतं, हे खरं आहे," तो हळू म्हणाला. "पण त्यासाठी तुमचं काम बिघडवीन? मेस्त्रीणबाई, मी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तुमच्या हाताचं कौतुक सांगतो. त्यांच्या तोंडात कापूस असतो, बिचाऱ्यांना ऐकून घ्यावंच लागतं…"

त्याच्या ओठांवर येऊ पाहणारं हसू आलंच नाही. त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि छत्री न घेता पावसात निघून गेला. तिने हाक मारली नाही. आपण बरोबरच आहोत, असं ती स्वतःला बजावत राहिली.

बाबांना ऐकू काही आलं नसावं, पण दिसलं सगळं होतं. ते काठी टेकत आले, हा आणि बाकावर पडलेला आधीचा असे दोन्ही फाटके बुश उचलले आणि उजेडात फिरवून पाहिले.

"हे कोणी कापलेलं नाही, पोरी," ते म्हणाले. "पिळून फाटलंय. दोन्ही एकाच बाजूला. गाडी हवेत असताना आवळलंय कोणीतरी."

"शक्यच नाही!" ती ओरडली. "ते तर तुम्ही मला बाराव्या वर्षी शिकवलंय! हवेत आवळलं की रबर तसंच पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलं राहतं. मी कशाला…"

आणि ती थांबली.

चिमुकला आरसा. हसरा डोळा. आजीबाई. आणि आज, रागात, पुन्हा… तिने वळून पाहिलं. पिवळी गाडी अजून जॅकवरच होती. नव्या बुशचा बोल्ट घट्ट आवळलेला. तीन वेळा! ती मटकन टायरवर बसली. आठ वर्षं जपलेला तोरा गेला, त्याचं तर तिला विशेष काही वाटेना. आपण त्या भल्या माणसाला लबाड ठरवलं, तो आता परत का येईल? हे मात्र मनातून जाईना, आणि याचं तिला अधिकच नवल वाटत होतं.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. हात तीनदा धुतले तरी नखांत ग्रीस होतंच. तिची पाळी आली, ती त्या लांबलचक खुर्चीत जाऊन पडली. मास्क लावलेला डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत आला.

"आ करा."

"चूक माझी होती," ती म्हणाली.

पेन हातातून निसटून फरशीवर पडलं. मास्कच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते. हसरे नव्हते.

"तुम्ही काही केलं नव्हतंत. मी हवेत आवळलं. तिन्ही वेळा. आणि वर तुम्हालाच…" तिने ग्रीसची नखं मुठीत लपवली. "मला माफ करा."

त्याने वाकून पेन उचललं. मग म्हणाला, "तुमच्या हातून? तिन्ही वेळा? कसं काय?"

"ते इथे नाही सांगायचं. नियम आहे. उद्या दुपारी दोनला मी खिळ्यावर टांगणार आहे. तुम्ही आलात तर… नाही आलात तरी टांगीनच म्हणा."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. सव्वादोन झाले. पेंटरकाका उगाचच कोरडा ब्रश पुसत होते. ती स्टुलावर चढली. तिन्ही बुश तारेत ओवलेले होते. तेवढ्यात फाटकात पांढरा शर्ट दिसला. तो आत आला नाही, तिथेच पावसाच्या कडेला उभा राहिला. तिने तार खिळ्यात अडकवली.

"तीन?" पेंटरकाकांनी आ वासला. "तुझे?"

"माझे."

"लक्ष कुठे होतं?" बाबांनी विचारलं.

"डॉक्टरांकडे," ती पुटपुटली.

"काय? मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

तिने डोळे घट्ट मिटले. "डॉक्टरांकडे! तिन्ही वेळा! मला आवडतात ते, बाबा!"

रस्त्यावरून जाणारे दोघेजण थबकले. पेंटरकाकांचा ब्रश खाली पडला. आणि सगळ्यांत जास्त हादरली ती स्वतःच. हे एवढं, एवढ्या मोठ्याने, आपण म्हणालो? तिला स्टुलावरून उतरायचंही सुचेना.

डॉक्टर आत आला. त्याने खिशातून तो लांब दांडीचा आरसा काढला आणि हात उंच करून तिच्या बुशशेजारी अडकवला.

"हा कुठे बिघडलाय?" पेंटरकाका म्हणाले.

"पार बिघडलाय. कार्बोरेटर बघायला आणला होता. दोन महिन्यांत एकदाही दिसला नाही त्यात."

ती स्टुलावरून खाली उतरली. मग फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू तिने विचारलं, "लक्ष कुठे होतं?"

"तुझ्याकडे," तो तितक्याच हळू म्हणाला.

"चला, बरं झालं," खुर्चीतून बाबा म्हणाले. "आठ वर्षं खिळ्यावर हिचं काहीच नाही हे बघून मला काळजीच लागली होती."

ती गर्रकन वळली. "बाबा! एवढं हळू बोललेलं तुम्हाला ऐकू आलं?"

"काय? मोठ्याने बोल," म्हणत बाबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

मग ती चौथा बुश घेऊन गाडीखाली शिरली. डॉक्टर दिवा धरून शेजारी बसला. नवल म्हणजे तोंड मिटून बसला. बोल्ट हलका लागला, जॅक हळूहळू खाली येऊ लागला.

"आता बोलू?" त्याने विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी चाकं जमिनीला टेकू दे. मग जन्मभर बोल."