यंदाची सौम्य राकिया

मातृत्वाच्या ओढीने एखादी स्त्री जे निमूटपणे गिळते, त्यापुढे सागराची खोलीही उथळ ठरावी...! नेवेनाने त्या सकाळपर्यंत जे गिळलं होतं, त्यात मध होता, परागकण होते, कुटलेले अक्रोड होते आणि सासूबाईंनी जिचं नाव सांगायला साफ नकार दिला होता अशी एक करडी पूड होती. डॉक्टरीणबाईंनी दिलेली फॉलिक आम्लाची गोळीही होती. पण तिला घरात कुणी औषध मानत नव्हतं, कारण ती कडू नव्हती.

"आ कर," तिची सासू कोसारा चमचा पुढे करून म्हणाली. "माझ्या मावशीने हेच खाल्लं आणि तिला पाच झाली."

"आई, मावशींना पाच झाली ती हे खाण्याच्या आधी, असं तुम्हीच मागे सांगितलंत."

"मग? त्यामुळेच तर ती टिकली! आ कर."

नेवेनाने आ केला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. गावाने पहिलं वर्ष वाट पाहिली, दुसऱ्या वर्षी विचारपूस केली, आणि तिसऱ्यापासून फक्त सुस्कारे टाकले. त्यातला प्रत्येक सुस्कारा नेवेनाच्या वाट्याला आला, कारण गावात असं काही झालं की दोष कुणाचा हे तपासायची पद्धत नाही. तो बायकोचाच असतो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे स्रेतेन रोजच्यासारखे दोन छोटे पेले भरत होते. एक स्वतःचा, एक मुलाचा. आलुबुखाराची कडक दारू, राकिया, घरच्या बागेतली, घरच्या भट्टीतली. न्याहारीच्या आधी बापलेकांनी एकेक पेला घ्यायचा, हा त्या घराचा सूर्योदय होता. बाहेरचा सूर्य कधी ढगाआड असे, हा कधीच नाही.

नेवेनाच्या नवऱ्याने, वेलिमीरने, पेला हळूच मागे सारला.

"आजही नको?" स्रेतेननी विचारलं.

"नको, बाबा."

"पोटात गडबड?"

"नाही."

"ताप?"

"नाही हो."

"मग कुणी मेलंय का?"

वेलिमीर मान खाली घालून पावाचा तुकडा कुस्करत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नेवेनाने त्या पाळ्या पाहिल्या, आणि तिचं हृदय गलबलून आलं... खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. क्रागुयेवाच शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्याच महिन्यात दोघांच्या तपासण्यांचे अहवाल पाहून सांगितलं होतं की बाईंचं सगळं ठीक आहे. साहेबांच्या शुक्राणूंची मात्र संख्या कमी आहे आणि चाल मंद आहे. मग त्यांनी कॅप्सूलच्या डब्या लिहून दिल्या. जस्त, सेलेनियम आणि आणखी दहा गोष्टी. सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन महिने. आणि तीन महिने दारूचा थेंबही नाही. परतताना गाडीत वेलिमीरने तिच्याकडून शपथ घेतली होती. घरात कळलं, तर मी विहिरीत उडी घेईन. घरी विहीर नव्हती, पण तो प्रश्न तिने तेव्हा काढला नाही.

"मीच सांगितलंय त्याला, बाबा," ती एकदम म्हणाली. "मला... मला त्या वासाने मळमळतं."

त्या वासाने! ज्या राकियाला जिल्ह्याच्या मेळ्यात दोनदा पहिलं बक्षीस मिळालं होतं, तिच्या वासाने! स्रेतेननी बाटलीला बूच लावलं, मृताचे डोळे मिटावेत तितक्या हळुवारपणे, आणि ते उठून बागेत निघून गेले.

त्या दिवसापासून ते सुनेशी बोलेनासे झाले. एकाच टेबलावर बसून म्हणत, "कोसारा, तुझ्या सुनेला सांग, मीठ दे." नेवेना मीठ पुढे सरकवी. "कोसारा, तिला सांग, मिळालं."

गावात बातमी पसरायला दुकानाच्या दोन फेऱ्या पुरल्या. कुणी म्हणालं, सून कुठल्याशा पंथात गेली. कुणी म्हणालं, नवऱ्याला मुठीत ठेवलंय. शेवटी कूम ताद्या स्वतः चौकशीला आला. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. त्या मुलखात हे नातं सख्ख्या भावाहून जवळचं, आणि नाक खुपसायचा हक्क त्याहून मोठा.

"वेल्या, मला खरं सांग. लिव्हर?"

"नाही रे."

"मग खरंच बायको?"

"...हो."

"अरेरे," ताद्याने डोक्यावरची टोपी काढली. "लिव्हर असतं तर बरं झालं असतं. त्यावर इलाज असतो."

नेवेना कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांआड उभी राहून हे ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वेलिमीर आत आला. त्याने तिचे हात हातात घेतले.

"किती सोसतेस गं माझ्यासाठी! मी जन्मभर फेडीन. सांग, काय करू तुझ्यासाठी? काहीही माग!"

"बाबांना खरं सांग."

"ते सोडून काहीही माग."

आणि तशात स्लावा आली.

स्लावा म्हणजे त्या घराण्याच्या संताचा दिवस. कुलदैवताचा उत्सव म्हणा. फक्त इथे कुणाला आमंत्रण देत नाहीत आणि तरी सगळा गाव येतो. यजमानाने दिवसभर बसायचं नाही, हा नियम. उभं राहून प्रत्येक पाहुण्याचं स्वागत करायचं, आणि प्रत्येकाबरोबर एक पेला रिकामा करायचा.

आदल्या दिवशी स्रेतेननी जाहीर केलं, "माझे गुडघे गेले. उद्या मी स्लावा वेलिमीरच्या हाती देणार." आणि मुलाच्या डोळ्यांत बघून पुढे म्हणाले, "पण ज्याला पेला उचलता येत नाही, त्याच्या हाती मी स्लावाची मेणबत्ती देणार नाही. मग ही आमच्या घराण्याची शेवटची स्लावा. कोसारा, तुझ्या सुनेलाही सांग."

"ऐकलंय तिने," कोसारा म्हणाली. "गुडघे गेलेत, आवाज नाही गेला तुझा."

खोलीत आल्यावर वेलिमीर म्हणाला, "पिणार मी उद्या."

"वेल्या! एवढे दिवस घेतलेल्या गोळ्या... सगळं मातीत जाईल! आपलं बाळ..."

"आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेली मेणबत्ती आहे ती, नेवेना! माझ्या हातात विझू देऊ?"

उशीत तोंड खुपसून नेवेनाने एक निश्चय केला. उद्या सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं: मी वांझ आहे. माझ्या कुशीसाठी माझ्या नवऱ्याने नवस केलाय, मूल होईपर्यंत राकिया शिवायची नाही. म्हणजे मेणबत्ती राहील, गोळ्या राहतील, त्याची लाज राहील... आपली तेवढी जाईल. जाऊ दे. आपली तशीही सहा वर्षं सुस्काऱ्यांवर झिजलेलीच आहे!

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. देवघराच्या कोपऱ्यात उंच मेणबत्ती जळत होती, शेजारी नक्षीचा गोल पाव. पाहुणे दारात क्रूसाची खूण करत, शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा घेत, आणि मग पेल्यासाठी हात पुढे करत. कोसाराने स्वतः राकियाच्या बाटल्या आणून टेबलावर मांडल्या, नेवेनाला हातही लावू दिला नाही.

"चल," स्रेतेन मुलाला म्हणाले. "सगळ्यांबरोबर. बघू दे गावाला."

पेले भरले गेले. नेवेना पुढे सरसावली. "थांबा, मला काही सांगायचंय..." पण तिचा आवाज खुर्च्यांच्या खडखडाटात बुडाला आणि वेलिमीरने डोळे मिटून, विष प्यावं तसा पेला घशात ओतला.

मग त्याने डोळे उघडले. पेल्यात पाहिलं. बायकोकडे पाहिलं.

सगळ्यांनीच आपापले पेले रिकामे केले होते. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आता, स्लावाच्या दिवशी यजमानाच्या राकियाला नाव ठेवणं हे त्याच्या मेणबत्तीवर थुंकण्याइतकं मोठं पाप. ते धाडस त्या खोलीत कुणाच्यात नव्हतं.

"वा," कूम ताद्या अखेर खाकरून म्हणाला. "सौम्य आहे यंदाची."

"फारच सौम्य," दुसरा म्हणाला.

"घशाला लागतच नाही. पूर्वी जळजळायचं जरा."

"हे खरं कसब, स्रेतेन! हे खरं कसब!"

पुन्हा पेले भरले. पुन्हा रिकामे झाले. ताद्याने तर सवयीने छातीवर हात ठेवून "हाऽऽ" असा श्वासही सोडला. वेलिमीर एकेका पाहुण्याबरोबर धडाधड पेले रिचवत होता, आणि त्याचा चेहरा दर पेल्यागणिक उजळत होता. गाव कौतुकाने पाहत होता... हा मुलगा महिनाभर प्यायला नाही, पण बघा, ताठ उभा आहे!

आणि तेव्हा स्रेतेन खाली बसले.

यजमान बसला! बायकांनी तोंडावर हात ठेवले. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या मिशांवरून अश्रू ओघळत होते.

"मंडळी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझी जीभ मेली. तुम्ही सगळे सौम्य म्हणता, कसबी म्हणता... आणि मला, देवाशपथ, नुसतं पाणी लागतंय! ज्या जिभेवर आयुष्यभर भट्टी चालवली, ती गेली. वेल्या, घे बाबा मेणबत्ती. माझं संपलं."

नेवेनाला राहवलं नाही. काय झालंय हे तिला कळलं नव्हतं. पण घरात काही बिनसलं की ते अंगावर घ्यायची तिच्या जिवाला सवयच जडली होती. ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, तुमची जीभ ठीक आहे! ते पाणीच असेल... मी भरलं! मला शिक्षा करा!"

"तू गप्प बस!" कोसारा कडाडली. "सहा वर्षं सगळ्याचा दोष घेत आलीस, आता माझ्या पाण्याचाही घेणार? मी भरलं पाणी! पहाटे उठून, एकेका बाटलीत, या हातांनी!"

"कोसारा!" स्रेतेन किंचाळले. "स्लावाच्या दिवशी? देवाच्या समोर?"

"देवाला विचारूनच भरलं. याच्या गमबुटात गोळ्यांची डबी सापडली मला. बूट धुवायला घेतले होते. चष्मा लावून वाचलं मी सगळं. 'पुरुषांसाठी' लिहिलंय वर, आणि खाली लिहिलंय, दारू वर्ज्य!" तिने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. "मी आई आहे. मुलाची लाज झाकली. पण ही पोर... हिला मी चमच्या-चमच्याने ती पूड भरवत राहिले, आणि हिने हूं की चूं केलं नाही!"

सगळ्यांचे डोळे वेलिमीरकडे वळले. तो मेणबत्तीसारखा उभा होता, तसाच पांढरा. मग त्याने पेला खाली ठेवला.

"खरं आहे," तो म्हणाला. "दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही. कधीच नव्हतं. मी भित्रा... मी तिला पुढे केलं."

मग कूम ताद्या घसा साफ करत म्हणाला, "कुठल्या रंगाची डबी? निळी?"

"...निळी."

"दुधाबरोबर घे. नुसत्या पोटी ढेकर येतात." आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो उखडला. "काय बघताय? आमची जुळी काय आकाशातून पडली? आठ महिने घेतल्या मी! तुम्हाला पित्ताचं औषध म्हणून सांगितलं होतं!"

"तुला पित्त नव्हतं?" त्याची बायको सोडून सगळे एकदम म्हणाले.

मग दाराजवळचा एकजण म्हणाला, डबीचं नाव लिहून दे, भाच्याला हवंय. मग खिडकीपाशी कुणीतरी हसलं, आणि ते हसू आगीसारखं पसरलं. इतकं पाणी पिऊन इतकी माणसं एवढी हसल्याचं त्या गावात आधी कुणी पाहिलं नव्हतं.

स्रेतेन उठले. ते सुनेसमोर येऊन उभे राहिले. महिनाभर साठलेले शब्द एकदम दारात आले आणि अडकले.

"सूनबाई," ते म्हणाले. "मीठ दे."

"बाबा!" म्हणून नेवेना त्यांच्या गळ्यात पडली. तो कठोर म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "माझ्या पोरी, मी भट्टीला सून समजलो आणि सुनेला... मला माफ कर!"

त्यांनी गोल पाव मुलाच्या हातात दिला. दोघांनी तो फिरवला, मोडला, कपाळाला लावला, आणि स्लावा वेलिमीरच्या हाती आली. "आणि ऐका!" स्रेतेननी गर्जना केली. "माझा मुलगा पिणार नाही, तोवर मीही पिणार नाही! हा माझा शब्द!" सगळ्यांचे डोळे पाणावले. हा त्याग दुपारच्या जेवणापर्यंत टिकला.

कारण तेव्हा कोसाराने तळघरातून खरी राकिया आणवली. बूच उघडलं, खोलीभर सुगंध दरवळला, स्रेतेननी थेंबभर जिभेवर ठेवला आणि जीभ शाबूत आहे हे कळून आनंदाने टाहो फोडला. आणि त्याच क्षणी नेवेना तोंडावर हात दाबून अंगणात पळाली.

"भावना अनावर झाल्या," ताद्या म्हणाला.

कोसारा मात्र खिडकीतून अंगणात बघत राहिली. सुनेची अवस्था तिने नीट न्याहाळली, आणि हातातला चमचा खाली ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात क्रागुयेवाचहून गाडी परतली ती फाटकापासून भोंगा वाजवतच. स्रेतेननी दोनदा बंदूक हवेत झाडली आणि शेजारच्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. संध्याकाळी घर पुन्हा भरलं. कोसारा म्हणाली, ती करडी पूड. ताद्या म्हणाला, निळी डबी, मी सांगत नव्हतो? वेलिमीरची आत्या म्हणाली, संताची कृपा. स्रेतेन म्हणाले, मुलाने सोडली नसती तर काही झालं नसतं, मी स्वतः सोडली होती ना, मला विचारा. वेलिमीर प्रत्येकाला मिठी मारून रडत होता. नेवेना मधोमध बसली होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे बघून कुणी सुस्कारा टाकत नव्हतं.

तिने सगळ्यांना हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी दुपारी सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजून सांगितलं होतं, की तिच्या तारखा बेभरवशाच्या असल्याने लक्षात आलं नाही, पण गर्भ राहिला तेव्हा गोळ्यांची पहिली डबी अजून विकत घेतलेली नव्हती.