चेन्सूने धरलेला हात

थापा मारायला मला वेळ नाही. हे घडलंय. माल्टातल्या आमच्या गोझो बेटाजवळ, गेल्या सप्टेंबरात, टळटळीत दुपारी.

चेन्सू आमच्याच गल्लीतला. पाणबुड्यांचा गुरू म्हणून मिरवणारा दीडशहाणा. युद्धात बुडालेल्या जहाजांत शिरून आलेला, त्यामुळे माशांना घर व्हावं म्हणून मुद्दाम बुडवलेल्या बोटींचं नाव काढलं की नाक मुरडायचा.

त्या दिवशी अशाच एका बोटीत शिरायचं होतं आणि त्याच्यासोबत बहिणीचा नवरा होता. पावलू. अगदी नवशिका.

"चेन्सू, याला नीट परत आण हं," बहीण जूझा म्हणाली.

"अगं, आंघोळ घालून आणतो तुझ्या बाळाला!"

बुडालेल्या बोटीत शिरताना दाराशी दोरी बांधतात. ती सोडत आत जायचं, तिलाच धरून परत यायचं. नावाडी सालवूने दोरीचं रीळ पुढे केलं.

"ठेव तुला, कपडे वाळत घाल," चेन्सू म्हणाला. "धुऊनपुसून बुडवलेलं डबडं आहे ते. त्यात साधी कोंबडीसुद्धा मेलेली नाही."

दोघं उतरले. आत शिरले. पावलूचा पाय तळाला लागला आणि गाळ उसळला.

काहीच दिसेना.

अशा वेळी पाणबुडे स्पर्शाने बोलतात. दंड दाबला की थांब. पुढे ढकललं की चल.

चेन्सूच्या दंडावर हात आला...

'घाबरलं बावळट,' तो मनात हसला आणि त्याने तो हात घट्ट धरला.

बोटं उघडी होती. पावलू तर हातमोजे घालून उतरला होता...

काढले असतील मूर्खाने.

हाताने त्याला पुढे ढकललं. चेन्सू भिंत चाचपत निघाला.

तेवढ्यात मागून, खूप आतून...

टण्... टण्... टण्...

कुणीतरी पत्र्यावर सुरी ठोकत होतं. पाणबुडा अडकला की असंच ठोकतो.

दोघंच तर उतरले होते! एवढा मोठा गुरू, पण त्याला दोनापर्यंत मोजता आलं नाही.

हाताने पुन्हा ढकललं. चेन्सू गेला.

दार आलं. उजेड आला. त्याने मागे वळून पाहिलं...

हातात काहीच नव्हतं.

आतला आवाजही थांबला होता.

हवा संपत आली होती म्हणून वर आलो, असं तो सांगतो. सांगू दे.

सालवू बोटीवरून वाकून पाहत होता. "दोघांचे बुडबुडे बरोबर येताना पाहिले मी. पावलू कुठंय?"

पावलू दुसऱ्या दिवशी सापडला, त्या बुडालेल्या बोटीत अगदी आत. हातात सुरी. दोन्ही हातमोजे जागच्या जागी.

दफनानंतर चेन्सूने रडत रडत बहिणीला सगळं सांगितलं. त्या आवाजासकट. जूझाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पायाखालचा किडा पाहावा तसं तिने भावाकडे पाहिलं.

"माझा नवरा आत ठोकत होता. मग तू बाहेर कुणाला आणलंस?"

"माहीत नाही गं... बाहेर आल्यावर हात सुटला."

"सुटला," जूझा म्हणाली. "आणि मग तो गेला कुठे?"

ती हे सगळ्यांसमोर बोलली. आमच्या गल्लीतलं कुणीही तेव्हापासून समुद्रात उतरलेलं नाही. मीसुद्धा नाही.