पारख्याला न ऐकू आलेले नग

शामल ओतारी आदल्या दिवशी ओतलेल्या पंपाच्या बॉड्यांना हातोडीचा एकेक ठोका देत चालली होती. धड नग टणटणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. वर तुळईला टांगलेलं नारळाएवढं ऐकणारं यंत्र, म्हणजे पारखी, प्रत्येक ठोका टिपत होता. कोल्हापूरच्या साऱ्या फौंड्र्यांमध्ये असे पारखी बसवून चार वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे आता त्यांच्याकडे कोणी मान वर करूनही बघत नसे.

पूर्वी परदेशी मालावर जकात किती, हे कोणाचा वशिला किती यावर ठरायचं. खुल्या व्यापाराचा नवा करार झाला आणि ते खटलं मिटलं. ठरलं असं, की जो उद्योग अजून शिकतो आहे त्याला जकातीचा आडोसा द्यायचा, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहिला की आडोसा काढून घ्यायचा. उभा राहिला की नाही, हे माणसांनी सांगायचं नाही. किती नग बद्द वाजतात ते ऐकून पारख्यांनी सांगायचं. कल्पना शहाणपणाची होती, तिला नावं ठेवायला जागा नव्हती.

या आडोशाच्या भरवशावरच मालक आदगोंडा पाटलांनी थरयंत्र उभारलं होतं. त्याला साचा लागत नाही, वाळू लागत नाही. वितळलेल्या लोखंडाचे पापुद्रे एकावर एक चढवून ते अख्खी बॉडी घडवतं. परदेशात ते सर्रास चालतं. इथलं मात्र शामलनं आणि तिच्या माणसांनी स्वतः जुळवलेलं, आणि अजून रांगत होतं. त्याचे निम्मे नग फुकट जात. आडोसा आणखी पाच वर्षं राहिला, तर ते चालायला लागेल अशी शामलला आशा होती.

दुपारी जकात मंडळाच्या खांबेटे मॅडम निकाल घेऊन आल्या. माणसं हातातली कामं टाकून गोळा झाली.

"अभिनंदन!" मॅडम म्हणाल्या. "इथला ओतकामाचा उद्योग सज्ञान झाला. पुढच्या महिन्यापासून बाहेरच्या मालावर जकात शून्य."

टाळ्या पडल्या. पास झालो म्हटल्यावर माणसं टाळ्या वाजवणारच. कोणीतरी जिलेबी आणायला पळालंसुद्धा. शामल मात्र गर्दीतून पुढे झाली.

"मॅडम, आमच्या थरयंत्राचे निम्मे नग वाया जातात हो!"

"पारख्यानं तर शंभरात दोनच बद्द ऐकलेत. आणि तुमच्याकडेच नाही, सगळ्या फौंड्र्यांत."

शामलनं वळून भट्टीकडे पाहिलं. तिचे वडील जोतिराम नेहमीसारखे हातगाडी ढकलत निघाले होते. गाडीवर पोतं, पोत्याखाली थरयंत्रानं बिघडवलेले नग. ओताऱ्यांच्या घरातली ही जुनी रीत होती. डोळ्याला तडा दिसला की त्या नगाला ठोका द्यायचा नाही. त्याचा आवाज घुमणं हा अपशकुन. कोणी बघायच्या आत पोत्याखाली घालायचा आणि परत वितळवायचा. जोतिरामांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता फौंड्रीफौंड्रीत मिस्त्री होती, आणि ही रीतही त्यांच्याबरोबर गेली होती. डिप्लोमा केलेल्या शामलला पारख्याची सगळी विद्या ठाऊक होती, पण पोत्याखालच्या नगांची त्याला खबरच नाही, हे तिच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

ती धावली. पोतं ओढून तिनं पहिल्याच नगावर हातोडी मारली. बद्द.

"हा ऐकू दे ना पारख्याला!"

"ऐकला त्यानं," खांबेटे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण निकालानंतर वाजवलेला नग खरा कोण मानेल? जकातीसाठी मुद्दाम फोडला म्हणतील मंडळातले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं."

जोतिराम गाडीच्या कडेला टेकले. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हन्त्यात, म्हनून झाकली. ती उघडून दावायची हुती, हे कुनाला ठावं!"

परदेशी बॉड्या आल्या. स्वस्त होत्या आणि चांगल्याही होत्या. पंप घेणाऱ्यांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. फौंड्र्या एकामागून एक थंड पडल्या. ज्यांनी त्या दिवशी जिलेबी खाल्ली, त्यातले बरेचसे घरं सोडून कामाच्या शोधात गेले. शामलला रडू आवरत नसे. माणसांसमोर ती भट्टीच्या धुराला दोष द्यायची, मग भट्टीही विझली.

थरयंत्र भंगारात निघालं त्या दिवशी बापलेक दाराशी उभे होते. हमाल एकेक भाग काढून ट्रकमध्ये टाकत होते.

"शामे, आनखी पाच वर्सं मिळाली असती, तर चाललं असतं का गं हे?"

"चाललं असतं, आबा," ती लगेच म्हणाली.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग तिनं वडिलांचा हात धरला.

"आबा, एवढ्या वर्षांत आपण एक तरी बिघडलेला नग कापून बघितला का, तो का फुटला म्हणून? सगळे संध्याकाळच्या आत वितळवले. मग पारखी चुकला, की आपण खरंच कधी शिकतच नव्हतो?"